सावलीचा अपास्त आणि त्याच्या अनंतस्पर्शी रेषा: परभणीच्या गच्चीवरची नोंद

मंडळी, काठीच्या सावलीचा वक्र मी आखलेल्या रेषांशी का जुळत नाही, हे डिसेंबरपासून रखडलेलं कोडं अखेर सुटलं, म्हणून यावेळी नोंद जरा लांब आहे.

मांडणी नेहमीचीच आहे. आठ बाय चारचं प्लायवूड विटांवर ठेवून, पाचरी मारून स्पिरिट लेव्हलने सपाट केलं. गच्चीचा कोबा पन्हाळीकडे ढाळ देऊन केलेला असतो, त्यामुळे थेट कोब्यावर मापं घेऊ नका. माझे नोव्हेंबरचे सगळे ठिपके त्यात वाया गेले. काठीच्या आडव्या दांडीला एक वायसर, त्याला चार मिलिमीटरचं भोक, भोकाची उंची बरोबर 30 सेंमी. भोकाखाली ओळंबा सोडून पायाचा बिंदू घेतला. फळीवर सूर्याचा छोटा कवडसा पडतो, त्याच्या मध्यावर पेन्सिलीने ठिपका. काठीच्या टोकाच्या धूसर सावलीपेक्षा हे कितीतरी नेमकं.

दिवसभर हे ठिपके जोडत गेलं की अपास्ताची (हायपरबोलाची, म्हणजे शंकू कापून मिळणाऱ्या दोन शाखांच्या उघड्या वक्राची) एक शाखा मिळते. सूर्याचे किरण दिवसभरात त्या भोकापाशी एक शंकू तयार करतात आणि फळी तो शंकू कापते. आपल्या अक्षांशावर हा छेद वर्षभर अपास्तच येतो. अपवाद फक्त विषुवदिनाचा, तेव्हा सरळ रेषा.

22 डिसेंबरचे ठिपके घेतले तेव्हा मला अनंतस्पर्शी रेषा (वक्र ज्यांच्या जवळजवळ जात राहतो पण ज्यांना कधी मिळत नाही अशा सरळ रेषा) आधी आखायच्या होत्या. अपास्त काढण्याची हीच सोपी रीत: दोन अनंतस्पर्शी आणि एक शिरोबिंदू (शाखेचं वळणाचं टोक, इथे मध्यान्हीचा ठिपका) ठरला की वक्र त्या चौकटीत आपोआप बसतो. या रेषांचा कल काढणं अवघड नाही. सूर्य मावळताना सावली अमर्याद लांब होते, म्हणजे वक्राचं टोक मावळतीच्या बरोबर उलट दिशेला पळतं. त्या दिशेचा पूर्व-पश्चिम रेषेशी जो कोन होतो, त्याची ज्या (साइन) अशी निघते: क्रांतीची (सूर्याच्या विषुववृत्तापासूनच्या कोनीय अंतराची) ज्या भागिले अक्षांशाची कोज्या (कोसाइन). परभणीचा अक्षांश 19.27 अंश, सूर्याची क्रांती 23.44 अंश, उत्तर 24.9 अंश. जुन्या ज्योतिषात उगवतीच्या बिंदूच्या याच सरकण्याला ‘अग्रा’ म्हणतात, हे कळल्यावर मला फार आनंद झाला. वहीतली अनंतस्पर्शी आणि क्षितिजावरची अग्रा एकाच कोनात!

चूक पुढे झाली. सावली पायापासून निघते, म्हणून मी दोन्ही रेषा पायाच्या बिंदूतून काढल्या. दुपारी चारचा ठिपका (सूर्याचे चार, घड्याळात 4 वाजून 21 मिनिटं) पायापासून 79 सेंमी पूर्वेला आणि 52.4 सेंमी उत्तरेला पडला. माझी रेषा त्या जागी 36.7 वर. जवळजवळ सोळा सेंमीचा फरक! फळी, ओळंबा, उत्तर दिशा, सगळं पुन्हा तपासलं. सगळं बरोबर होतं.

उलगडा मे महिन्यात, शून्य सावलीच्या (दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो त्या दिवसाच्या) सुमारास झाला. +23.44 आणि −23.44 क्रांती समीकरणात वर्ग होऊन जाते, चिन्ह उरतच नाही. म्हणजे डिसेंबरचा वक्र आणि जूनचा वक्र हे वेगळे अपास्त नव्हेत, एकाच अपास्ताच्या त्या दोन शाखा आहेत. दोघांच्या अनंतस्पर्शी त्याच, आणि त्या छेदतात अपास्ताच्या केंद्रात, भोकाखालच्या पायाच्या बिंदूत नाही. डिसेंबरात मध्यान्हीचा ठिपका 27.7 सेंमी उत्तरेला. जूनमध्ये सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेला गेलेला असल्याने ठिपका 2.2 सेंमी दक्षिणेला. दोन्हींचा मध्य 12.75 सेंमी उत्तरेला. केंद्र तिथे. (विषुवदिनाची सरळ रेषा 10.5 वर येते, तिला केंद्र समजू नका.)

रेषा तिथून काढल्या आणि वक्र बसला. अनंतस्पर्शीपासून वक्राचं उत्तरेकडचं अंतर मध्यान्ही 15 सेंमी, चार वाजता 3 सेंमीच्याही आत. पाचला गणिताने ते आठ-नऊ मिलिमीटर उरतं, पण तेव्हा कवडसा तीन मीटरांवर गेलेला असतो आणि फूटभर लांब फिका पट्टा होतो. ते माप मी घेतलेलं नाही.

रेषा पायातून का जात नाही? आपल्याकडे सूर्य सरळ खाली बुडत नाही, तिरका उतरतो. शेवटच्या मिनिटांत दिशा थोडीशीच बदलते, पण सावली झपाट्याने लांबते, आणि त्या दोन्हींतून ठरावीक अंतर शिल्लक राहतं. विषुववृत्तावर सूर्य सरळ उतरतो. तिथे केंद्र थेट पायात येईल.

‘अनंतस्पर्शी’ या शब्दाबद्दल एक सांगतो. इंग्रजी ‘asymptote’च्या ग्रीक मूळ शब्दाचा अर्थ ‘एकत्र न येणारी’, म्हणजे वक्राला न मिळणारी रेषा. मराठी शब्द म्हणतो, अनंतावर स्पर्श करणारी. मला आपला शब्द जास्त नेमका वाटतो, कारण गच्चीवर ते अनंत रोज संध्याकाळी समोर येतं.

पडताळा असा घ्या: अपास्तावरच्या कोणत्याही बिंदूपासून दोन्ही अनंतस्पर्शींवर लंब टाका, त्या दोन लंबांचा गुणाकार कायम तोच येतो. माझा मध्यान्हीचा ठिपका: 13.5 गुणिले 13.5, म्हणजे 182. चारचा ठिपका: 2.7 गुणिले 69.1, म्हणजे 187. पेन्सिलीची जाडी धरता मी यावर समाधानी आहे. एखादा ठिपका चुकला असेल तर या गुणाकारात लगेच पकडला जातो.

21 जूनला दिवसभर ढग होते. 23 ला सकाळी दीड तास ऊन मिळालं. क्रांती तेवढ्यात नगण्य बदलते, म्हणून ठिपके घेतले. आठचा ठिपका पश्चिमेला 42, दक्षिणेला 11.7 सेंमी, गणिताने 11.9 हवा होता. दुसरी शाखा त्याच रेषांच्या कुशीत बसली.

लातूरकडे कुणी 30 सेंमीवर भोक ठेवून करणार असेल तर तुमचं केंद्र 12.1 सेंमीवर यायला हवं, माझ्यापेक्षा साडेसहा मिलिमीटर पायाच्या जवळ. डिसेंबरात दोन्हीकडे एकाच दिवशी ठिपके घेऊ या.