पट्ट्याआधी शीव चाला

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ साली सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे वनहक्क कायद्याखाली गावाने मिळून जंगल वापरायचा-राखायचा हक्क, मिळाला. पण बांबू स्वतःच्या वाहतूक परवान्यावर विकायला एप्रिल २०११ उजाडला. गावांना मदत करू इच्छिणाऱ्यांनी हा मधला काळ लक्षात ठेवावा. जंगल कसं राखायचं ते शिकवायला जाऊ नये. चंद्रपूरच्या पाचगावने तर विड्यांसाठीचा तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं. हंगामी रोख पैसा सोडण्याचा निर्णय ग्रामसभेनेच घेतला. गावाला मदतीचा हात लागतो तो कागदपत्रांच्या कामाला.

वनहक्काचा दावा करताना पहिली चूक सभेत होते. गट ग्रामपंचायतीची सगळ्या गावांची मिळून एकच सभा बोलावली जाते. वनहक्कासाठी टोल्या-पाड्याचीही स्वतंत्र ग्रामसभा चालते. निम्मे सभासद हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. सह्या-अंगठे सभेतच घ्या. मागाहून घरोघर जमवलेल्या सह्या पडताळणीत उघड्या पडतात.

पुरावे दोन लागतात. निस्तार पत्रक (गावाच्या जंगल-वापराच्या जुन्या हक्कांची सरकारी नोंद) मिळालं तर उत्तमच, पण म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब हाही पुरावाच आहे. अमुकच कागद आणा असं कुणी म्हणू शकत नाही.

खरी मेहनत शिवेची, म्हणजे गावाच्या जंगलाची हद्द चालून नोंदवण्याची. माघ-फाल्गुनात, पानगळ झाल्यावर चाला. दाट पानांखाली मोबाइलचं जीपीएस भरकटतं. सोबत गावचा पुजारी, मोहफुलं वेचणाऱ्या दोघी-तिघी आणि शेजारच्या गावचे दोघं तरी असू द्या. नाल्याचं वळण, देवाचा दगड, जुनं झाड, प्रत्येक ठिकाणी थांबून बिंदू घ्या आणि स्थानिक नाव लिहा. संध्याकाळी तिथेच पंचनामा करून दोन्ही गावांच्या सह्या घ्या. शेजारी नसले तर दोन दावे एकमेकांवर चढतात आणि फाइल दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीत अडकते.

पट्टा, म्हणजे हक्काचा मंजूर कागद, हाती आला की पेढे नंतर वाटा. कक्ष क्रमांक (वनखात्याने जंगलाच्या तुकड्यांना दिलेले नंबर) आणि क्षेत्र दाव्याशी जुळवून बघा. पट्टा ग्रामसभेच्याच नावे हवा, वनखात्याच्या योजनेतल्या संयुक्त वनव्यवस्थापन समितीच्या नव्हे. काही चुकलं असेल तर जिल्हास्तरीय समितीकडे लगेच लेखी दुरुस्ती मागा.

मग बांबू. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार वाहतूक परवाना ग्रामसभेची समितीच देते. परवान्यांच्या पुस्तकाला अनुक्रमांक हवेत आणि स्थळप्रत जपायला हवी. मजुरी नगावर असली की तोडणारा रांजीच्या (बांबूच्या बेटाच्या) कडेचे बांबू आधी घेतो, कारण कोयता तिथे सहज पोचतो. पण नवे वास्ते (कोंब) कडेलाच फुटतात, म्हणजे कोवळा बांबू जातो आणि मधला जुना गुंता तसाच राहतो. दोन वर्षांहून जुनाच बांबू तोडायचा, जमिनीपासून वीतभर वर, पेराच्या गाठीला लागून, गाठीच्या वरच्या बाजूने. गाठ सोडून मध्येच तोडला तर खुंटाच्या पोकळीत पावसाचं पाणी साचून तो कुजतो. मधला गुंता काढणाऱ्याला नगामागे थोडा जास्त दर ग्रामसभेने ठरवून द्यावा.