जागेच्या धंद्यात आले ती कागदांच्या वाटेने

२०१८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने गोव्यातल्या खाणी बंद पडल्या आणि वजनकाट्यावरची माझी नोकरी गेली. डिचोलीत तेव्हा घरोघरी हीच परिस्थिती. कोणी ट्रक विकले, कोणी पणजीला दुकानात लागले. मी जागा-घरांच्या व्यवहाराकडे वळायचे ठरवले. बार्देश आणि तिसवाडी तालुक्यांत बाहेरच्या लोकांची खरेदी डोळ्यांदेखत वाढत होती. जागा दाखवणारे पुष्कळ होते, पण तिचे कागद वाचून दाखवणारे मला फार थोडे भेटले.

रेराची, म्हणजे स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, नोंदणी हा त्यातला सोपा भाग. २०१६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत प्रकल्पातली सदनिका किंवा भूखंड विकून द्यायचा तर एजंटालाही नोंदणी घ्यावी लागते. पॅन, पत्त्याचा पुरावा, फोटो, शुल्क अशी तयारी असली की अर्ज मार्गी लागतो. नोंदणी पाच वर्षे चालते आणि तिचा क्रमांक प्रत्येक व्यवहारात लिहावा लागतो. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा किंवा आठपेक्षा जास्त सदनिकांचा प्रकल्प नोंदवलेला नसेल, तर आपण त्याला हात लावायचा नाही. नोंदणी न घेता धंदा केला तर रोजचा दहा हजार रुपये दंड आहे आणि तो मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत चढू शकतो. नवीन मुलांना मी हे आधी सांगते, कारण कोणी ना कोणी ‘नंतर बघू’ म्हणणारा त्यांना भेटतोच.

खरा अभ्यास त्यापुढचा. म्हापशाच्या एका वकीलबाईंकडे मी संध्याकाळी बसायला जाऊ लागले. त्यांनी पहिल्याच दिवशी एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सातबारा, पुढ्यात टाकला आणि म्हणाल्या, “मालकाचं नाव शेवटी वाच. आधी कुळाचा रकाना, मग इतर हक्क.” मग सर्व्हे प्लॅन, झोनिंगचा दाखला, सनद (जमीन बिगरशेती वापरायची परवानगी), उपनिबंधकाकडचा बोजा नसल्याचा दाखला. जागा कोमुनिदादची, म्हणजे गावच्या जुन्या सामायिक संस्थेची, तर नाही ना? नदीकाठची असेल तर सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्र, कुठवर येतो? सेटलमेंट झोन, म्हणजे वस्तीसाठी ठरवलेला भाग, आहे म्हणून सनद आहे असे होत नाही, हे तर त्यांनी मला इतक्यांदा ऐकवले की आजही फाइल उघडताना आठवते.

बार्देशातल्या एका घराने मला हे सगळे पक्के शिकवले. जुने कौलारू घर, मागे माडांचे भाट, म्हणजे नारळाची बाग. घरातल्या थोरल्या काकांनी प्लास्टिकच्या पिशवीतून उतारा काढला. नाव अजून आजोबांचे. कुळाचा रकाना रिकामा, पण इतर हक्कांत एक नाव होते. काकांना ते ओळखू येईना. आतून काकी म्हणाल्या, “अहो, तो आपला पाडेली. माड पाडायला यायचा, त्याचं घर नाही का विहिरीपलीकडे?” घर अजून तिथेच होते, त्यात त्याची मुलगी राहत होती, आणि सर्व्हे नंबर एकच. दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा तो मुंडकार, आणि १९७५ च्या मुंडकार कायद्याने तिला ते घर विकत घेण्याचा हक्क आहे. तो बाजूला सारून पूर्ण भाट विकायला काढणे मला जमणार नव्हते आणि मी ते तिथेच सांगितले.

दुसरा विषय काकांच्या बहिणींचा. “त्यांना लग्नात दिलंय सगळं,” काका म्हणाले. मी म्हटले, “काका, गोव्याच्या कायद्यात मुलीचा वाटा मुलाएवढाच. आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर जावयांचीही सही लागते.” काका गप्प झाले. काकी मात्र मोकळेपणी म्हणाल्या, “बाय, बरं झालं तू सांगितलंस. माझ्या माहेरीही हाच प्रश्न आहे.” एक बहीण पेडण्याला, एक सांग्याला. दोघीही आनंदाने आल्या. वारसाहक्काचे खत उपनिबंधकांपुढे झाले, मग म्युटेशन, म्हणजे उताऱ्यावर नावांचा फेरफार. पुण्याचा पहिला ग्राहक एवढा वेळ थांबला नाही. त्याला कागद स्वच्छ हवे होते, पण तेही लगेच. असे ग्राहक पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी घाई करू नये, असे माझे ठाम मत आहे.

दलालीचे बोलणे मी जागा पाहायच्या आधी करते आणि कागदावर घेते. माझ्याकडे विक्रीला दोन टक्के, वर्षाच्या भाड्याला एका महिन्याचे भाडे. ‘झोन बदलून मिळेल’ अशा भरवशावर विकायला आणलेली शेते, बागायती आणि डोंगरउतार मी घेत नाही. खाणींनी पोखरलेले डोंगर बघत मी मोठी झाले आहे. उरलेले कापायला माझा हातभार नको.

ते भाट पुढे मडगावच्या एका कुटुंबाने घेतले. विहिरीपलीकडचा तुकडा नकाशात वेगळा दाखवून विक्रीतून वगळला. सहीच्या दिवशी दोघी बहिणी जावयांसह म्हापशाला हजर होत्या. पाडेल्याच्या मुलीचा खरेदीचा अर्ज आता मामलेदारांकडे आहे. तिचे कागद वकीलबाई बघतात, आणि तारखेला तिच्याबरोबर मी जाते.