ग्राहकाच्या घरी जाऊन लिहिलेली गोष्ट

१९८३ साली स्कॉट कुक आणि टॉम प्रू यांनी कॅलिफोर्नियात इंट्यूट ही कंपनी सुरू केली, तेव्हा घरगुती हिशेबाची चाळीसहून अधिक सॉफ्टवेअर बाजारात आधीपासूनच होती. सोयींच्या यादीत त्यांपैकी अनेक सॉफ्टवेअर इंट्यूटच्या क्विकन या सॉफ्टवेअरपेक्षा पुढे होती. मात्र घरची बिले त्यांच्या मदतीने भरायची म्हटले, तर हाताने चेक लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागत असे. कुक हे प्रॉक्टर अँड गॅम्बल या घरगुती वापराच्या वस्तू विकणाऱ्या कंपनीत तयार झालेले गृहस्थ होते. वनस्पती तूप विकताना गृहिणीला काय हवे हे तिलाच विचारायचे आणि तिचा हात कसा चालतो ते पाहायचे, ही शिस्त ते तिथून घेऊन आले होते. त्यांनी अनोळखी कुटुंबांना फोन करून बिले कोण भरते, कधी भरते, त्यात कंटाळवाणे काय वाटते, हे विचारले. कधीही संगणक न वापरलेल्या स्त्रियांना क्विकनसमोर बसवून, हातात घड्याळ धरून, कुठे अडते ते पाहिले. पडद्यावर दिसणारे चेकबुक हुबेहूब कागदी चेकबुकासारखे ठेवण्याचा निर्णय अशाच निरीक्षणांच्या आधारावर उभा होता.

पुढे इंट्यूटची माणसे याहून एक पाऊल पुढे गेली. सॉफ्टवेअरच्या दुकानात ती थांबत, कुणी क्विकन विकत घेतले की ‘तुमच्या घरी येऊन तुम्ही हे कसे वापरता ते पाहू का?’ असे विचारत, आणि परवानगी मिळाली तर खरोखरच घरी जात. मदत करायची नाही, समजावून सांगायचे नाही, नुसते बघायचे, असा त्यामागचा दंडक होता. माझ्या मते यातले सर्वांत अवघड काम हेच आहे. आपण लिहिलेल्या पडद्यासमोर माणूस अडखळत असताना गप्प बसणे कुठल्याही प्रोग्रामरला जड जाते.

क्विकन घरगुती हिशेबासाठी होते, तरी ते वापरणाऱ्यांपैकी पुष्कळ लोक आपला छोटा व्यवसाय त्यावर चालवतात असे कंपनीला पाहण्यांतून दिसू लागले. सुरुवातीला ही माहिती काहीतरी गफलत म्हणून बाजूला ठेवली गेली. नंतर नीट चौकशी केल्यावर कळले की लहान दुकानदारांसाठी बाजारात असलेली सगळी सॉफ्टवेअर हिशेबनीसांच्या दृष्टीने लिहिलेली होती. जमा-नावे, खतावणी हे ज्यांना कळते त्यांनाच ती वापरता येत. बहुतेक छोट्या व्यवसायांत हिशेबनीस नव्हताच. हिशेब पाहायचा तो मालक, त्याची पत्नी किंवा कार्यालय सांभाळणारा एखादा कर्मचारी. त्यांच्यासाठी १९९२ साली क्विकबुक्स आले आणि अल्पावधीतच ते त्या बाजारात सर्वांच्या पुढे गेले. कंपनीने मनाशी धरलेल्या गोष्टीतला नायकच बदलला होता, आणि तो बदलला हे घरापर्यंत गेल्याखेरीज कळण्यासारखे नव्हते.

उत्पादन घडवताना गोष्ट लिहायची, म्हणजे ग्राहक ते कसे वापरील याचे सलग वर्णन आधी लिहून काढायचे, ते याचसाठी, असे मला वाटते. आपल्याकडे काम सुरू होते ते बहुधा सोयींच्या यादीने. यादीत दोन ओळींच्या मधली जागा मोकळीच राहते, तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. गोष्टीत मात्र माणूस असतो, त्याची वेळ असते, त्याची घाई असते, आणि ऐकणारा ‘पुढे काय झाले?’ असे विचारतोच. त्या प्रश्नाला उत्तर नसेल तर उत्पादनाचा तेवढा भाग आपण विचारात घेतलेला नाही, हे तिथल्या तिथे उघडे पडते.

अ‍ॅमेझॉनमध्ये ही गोष्ट लिहिण्याची रीतसर पद्धत आहे. जून २००४ मध्ये जेफ बेझोस यांनी वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट बंद करून त्याऐवजी पूर्ण वाक्यांत लिहिलेले टिपण आणायला सांगितले. हे टिपण सहा पानांपर्यंतचे असते आणि बैठकीच्या आरंभी सर्वजण ते शांतपणे वाचतात. नव्या उत्पादनाच्या बाबतीत याच्याही मागे जाऊन, एक ओळ कोड लिहिण्यापूर्वी, ते उत्पादन बाजारात आल्याच्या दिवशी प्रसिद्ध होईल अशी बातमी लिहितात आणि तिला ग्राहक विचारील त्या प्रश्नांची उत्तरे जोडतात. १९ नोव्हेंबर २००७ रोजी आलेल्या किंडल या पुस्तके वाचायच्या यंत्रामागे ग्राहकापासून उलटे विचार करत येण्याची हीच रीत होती. पुस्तक हवेसे वाटले की ते साठ सेकंदांच्या आत हातात यावे, हे वाक्य गोष्ट म्हणून फार साधे आहे. पण ते खरे करायचे तर वाचकाला संगणकाला वायर जोडायला लावून चालणार नव्हते, इंटरनेटचे वेगळे मासिक बिलही त्याच्या माथी मारता येणार नव्हते. म्हणून यंत्रातच मोबाइलची जोडणी दिली गेली आणि तिचा खर्च कंपनीने उचलला. त्या यंत्राची किंमत ३९९ डॉलर होती, आणि पहिला साठा साडेपाच तासांत संपला.

तरीही नुसत्या गोष्टीवर माझा विश्वास नाही, आणि त्याचे कारणही अ‍ॅमेझॉनच आहे. २०१४ च्या जूनमध्ये याच कंपनीने फायर फोन जाहीर केला. त्याच्या दर्शनी भागावर चार खास कॅमेरे होते. पाहणाऱ्याच्या डोक्याची हालचाल टिपून पडद्यावरचे चित्र त्रिमितीत असल्यासारखे हलावे, ही त्यातली मोठी करामत होती. सांगायला ती उत्तम होती. रोज फोन वापरणाऱ्या माणसाची कुठलीही अडचण त्यातून सुटत नव्हती. सप्टेंबरमध्ये, करारासह घेतल्यास, त्याची किंमत १९९ डॉलरवरून ९९ सेंटवर आली आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने १७ कोटी डॉलरचा फटका हिशेबात दाखवला. गोष्ट कितीही चांगली लिहिली, तरी तिच्यातला ग्राहक लिहिणाऱ्याच्या कल्पनेतला असेल तर लेखनाची शिस्त त्याला जिवंत करू शकत नाही.

राहती घरे पाहुण्यांना भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी या संकेतस्थळाच्या संस्थापकांकडे प्रत्यक्ष पाहणी आणि गोष्ट हे दोन्ही होते, फक्त वेगवेगळ्या वेळी. २००९ मध्ये नवउद्योगांना पाठबळ देणारे पॉल ग्रॅहम यांच्या सल्ल्यावरून ते न्यूयॉर्कला जाऊन यजमानांच्या दारोदार फिरले, त्यांच्या घरांचे चांगले फोटो काढले आणि तिथली कमाई वाढली. काही वर्षांनी संस्थापकांपैकी ब्रायन चेस्की यांनी पिक्सार या अ‍ॅनिमेशनपट काढणाऱ्या कंपनीतल्या एका चित्रकाराकडून पाहुण्याचा आणि यजमानाचा संपूर्ण प्रवास चौकटी-चौकटींत काढून घेतला. त्या चौकटी पाहताना लक्षात आले की बहुतेक प्रसंग संकेतस्थळाबाहेर, रस्त्यावर आणि दाराशी घडतात, आणि तिथे माणसाच्या हातात असतो तो मोबाइल.

आपल्या जवळचे उदाहरण टॅलीचे. बेंगळुरूतले श्यामसुंदर गोयंका यांना स्वतःच्या व्यवसायासाठी पसंत पडेल असे हिशेबाचे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी गणित शिकलेल्या भरत या मुलाला ते लिहायला सांगितले. त्या काळच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक खात्याला सांकेतिक क्रमांक द्यावा लागे. वडिलांना ते मान्य नव्हते, कारण व्यापारी माणूस खाते नावानेच ओळखतो. टॅलीत क्रमांकांची जागा नावांनी घेतली. पहिला ग्राहक घरातच होता, आणि त्याला टाळायची सोय नव्हती.

पतसंस्थांसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करताना मला याची प्रचिती आली. तालुक्याच्या गावी एका शाखेत खिडकीमागे बसून पाहिले, तेव्हा लिपिक ताईंच्या संगणकाशेजारी एक वही होती आणि प्रत्येक व्यवहार आधी त्या वहीत उतरत होता. पडदा सभासद क्रमांक मागतो. समोरची आजी सांगते की ती वरच्या आळीतल्या अमक्याची आई आहे. या दोहोंमधला दुवा ती वही होती. शोधाची चौकट नाव, गाव आणि नात्यावरून चालावी, हे आमच्या कुठल्याही यादीत नव्हते. आता कुठलाही नवा पडदा आखण्यापूर्वी आम्ही त्या खिडकीवरचा एक व्यवहार सलग परिच्छेदात लिहितो आणि तो ताईंना वाचून दाखवतो. ‘असं नाही होत, आधी पासबुक मागतात,’ असे त्या मध्येच थांबवून सांगतात, आणि परिच्छेद बदलतो.

पुण्यातल्या पुष्कळ प्रोग्रामरना ही सोय नाही, याची मला जाणीव आहे. त्यांचे ग्राहक अमेरिकेत किंवा युरोपात असतात, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचते ती तीन हातांमधून गाळून आलेली यादी. अशा ठिकाणी निदान ग्राहक-साहाय्याच्या फोनची ध्वनिमुद्रणे ऐकण्याची परवानगी मागावी. बहुतेक मोठ्या कंपन्यांत ती साठवलेली असतात आणि कोड लिहिणाऱ्यांपैकी क्वचितच कुणी ती ऐकतो. तक्रार करणारा माणूस आपण काय करत होतो, हे सुरुवातीपासून क्रमाने सांगतो. आपल्याला हवी असलेली गोष्ट त्याने तिथे सांगून ठेवलेली असते.