चार नंबरचं बटण

आपल्या अंधशाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी आठवणी मागितल्या तेव्हा सहली आणि स्नेहसंमेलनांवर बाकीचे लिहितीलच, असं धरून चाललो. मी लिहितोय ब्रेल लिहायच्या, जवळजवळ पाच किलो वजनाच्या एका यंत्रावर.

आठवीपर्यंत माझा सगळा अभ्यास ब्रेल पाटी आणि स्टायलसवर, म्हणजे टोचणीवर, चालायचा. डोळसांसाठी सांगतो : ब्रेलमध्ये प्रत्येक अक्षर जास्तीत जास्त सहा उठावदार ठिपक्यांचं, आणि ठिपक्यांना एक ते सहा नंबर. कागद पाटीत अडकवून उजवीकडून डावीकडे टोचत जायचं, तेही उलटं, आरशातल्यासारखं. मग कागद काढून पालथा केला की वाचता येतं. निबंधाला हे चालून जायचं. गणितात मात्र मागची ओळ चाचपल्याशिवाय पुढची लिहायची कशी? दर पायरीला कागद काढा, वाचा, पुन्हा नेमका त्याच जागी बसवा. आकडेमोडीला टेलर फ्रेम होती, पण तिच्या अष्टकोनी छिद्रांत टाइप, म्हणजे आकड्यांचे छोटे खिळे, खोचून मांडलेला भागाकार कुणाच्या तरी कोपरानं कलंडला की गेला. समीकरणं आली तेव्हा मी गणित सोडणार होतो. बाईंनीही फारसं अडवलं नाही, ते जास्त लागलं.

त्याच वर्षी देणगीतून दोन पर्किन्स ब्रेलर आले. सहा ठिपक्यांना सहा बटणं, मध्ये जागा सोडायची पट्टी, ओळ संपत आली की टिण्ण! ठिपके वरच्या बाजूला उठतात, म्हणजे लिहिलेलं तिथल्या तिथे बोटाखाली. पहिल्या दिवशी मी एकच समीकरण पाच वेळा सोडवलं, केवळ मागे जाऊन वाचता येतंय म्हणून.

दुसऱ्या एका देणगीदारानं संगणकही दिले होते. फोटो झाले, हार झाले. स्पीकर मात्र एकालाही नव्हता! आवाजाशिवाय आम्ही त्या पडद्यांचं काय करणार? एका माजी विद्यार्थ्यानं हेडफोन आणून देईपर्यंत आम्ही नुसते कीबोर्ड चाचपत बसायचो.

सहामाहीच्या तोंडावर एका ब्रेलरचं चार नंबरचं बटण बसलं. चौथा ठिपका गेला की 'म'चा 'क' होतो आणि 'मामा'चं चक्क 'कीकी'. आम्ही हसून घेतलं. पण आकड्यांत तीनचा एक होतो, चारचा पाच, सहाचे दोन, सातचे आठ. माझी उत्तरं बरोबर होती आणि वहीतली सगळी चूक. दुरुस्ती कुणाकडे करायची, हे देणाऱ्यांनी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. शेवटी वेतकामाच्या सरांनी यंत्र उघडलं. जाड कागदाचा भुसा साचला होता. त्यांनी तो दातांच्या जुन्या ब्रशनं झाडला, आणि बटण उठलं.

दहावीला गणितात मी पास झालो, पुढे बी.कॉम. झालो, आज हिशेबाचंच काम करतो.

महोत्सवाच्या निधीतून नवे ब्रेलर घेणार आहात असं कळलं. जरूर घ्या. थोडे पैसे दुरुस्तीलाही बाजूला ठेवा. आणि यंत्र ताब्यात घेताना आधी चार नंबरचं बटण दाबून बघा.