सुनावणीला आणलेला खाकी कागद

बांधकामाची तक्रार घेऊन लोक आमच्याकडे येतात ते बहुतेक वेळा शेजारी पाया खणून झाल्यावर. तोवर सांगण्यासारखं एकच उरलेलं असतं: नकाशा नियमात बसतो, परवानगी कायदेशीर आहे. एकेका इमारतीला परवानगी देताना शेजाऱ्याचं म्हणणं ऐकायचा टप्पाच नसतो. तो टप्पा त्याच्या कितीतरी आधी येतो, नियम बदलत असताना. आणि तेव्हा सामान्य माणूस फिरकत नाही.

मी नगर रचनेच्या कामात आहे. मुंबई आणि आणखी काही क्षेत्रं सोडली तर राज्यभर 2 डिसेंबर 2020 च्या अधिसूचनेने एकच विकास नियंत्रण नियमावली आली. आम्ही आणि आर्किटेक्ट मंडळी तिला यूडीसीपीआर म्हणतो. छापून झाली म्हणून ती थांबलेली नाही, फेरबदल चालूच असतात. 1966 च्या नगर रचना अधिनियमातल्या कलम 37 खाली सूचना निघते, एका रकान्यात विद्यमान तरतूद, शेजारच्या रकान्यात प्रस्तावित. महिनाभरात हरकती मागवायच्या, नेमलेल्या अधिकाऱ्याने सुनावणी घ्यायची, अहवाल शासनाकडे पाठवायचा, मग अंतिम मंजुरी.

हरकतींचा गोषवारा तयार करणं माझ्याकडे असतं. अनुक्रमांक, हरकतदार, हरकतीचा आशय, अभिप्राय. अहवाल वाचणारा मूळ अर्ज क्वचितच उघडतो, तो 'आशय'चा रकाना वाचतो. म्हणून चार पानी अर्जाचं अर्ध्या ओळीत 'प्रकाश व वायुवीजनाबाबत' करून टाकणं मला सहन होत नाही. आमच्याकडे हे सर्रास चालतं, आणि त्याला कामाचा उरक म्हणतात.

त्या दिवशीची सुनावणी लहान भूखंडांवर बाजूच्या सामासिक अंतरात, म्हणजे इमारत आणि भूखंडाची हद्द यांच्यामध्ये मोकळ्या सोडायच्या जागेत, सवलत देण्याच्या फेरबदलावर होती. फरक अर्ध्या मीटरचा. आलेले बहुतेक जण आर्किटेक्ट आणि बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनांचे. ही माणसं अभ्यास करून येतात, तक्ते आणतात, सवलत आणखी कुणाकुणाला द्यावी ते मुद्देसूद मांडतात. त्यात गैर काही नाही. ज्यांच्या खिडक्यांसमोर ते बांधकाम होणार, ती माणसं मात्र खोलीत नव्हती. एक अपवाद होता.

घरी शिवणकाम करणाऱ्या बाई. शेजारच्या जागेची मोजणी करायला आलेल्या मुलाकडून त्यांना सूचनेबद्दल कळलं आणि त्यांनी मुदतीत अर्ज दिला होता. नाव पुकारल्यावर त्यांनी पिशवीतून एक गुंडाळी काढून टेबलावर पसरली. बेतायचा खाकी कागद. त्यावर त्यांनी दोन घरांचा छेद, म्हणजे उभं कापून दिसेल तसं चित्र, काढला होता, एका फुटाला एक इंच या मापाने. त्यांचा ओटा, खिडकीची उंबरपट्टी, खिडकीशी मशीन, मधली बोळ, पलीकडे होऊ घातलेली भिंत. भिंतीच्या माथ्यावर एक टाचणी आणि तिला बांधलेला लाल दोरा. त्यांनी दोऱ्याचं टोक ताणून खिडकीवर आणलं. जुन्या अंतराला दोरा मशीनच्या पाट्यावर पडत होता. मग टाचणी काढून त्यांनी ती नव्या अंतरावर टोचली. दोरा खिडकीच्या वरच्या चौकटीलाच अडला.

"आता सकाळी दिवा न लावता दोरा ओवता येतो. नंतर येणार नाही," त्या म्हणाल्या.

मी पट्टी लावून मापं तपासली. बरोबर होती. एवढ्या सुनावण्यांत फेरबदलाचा परिणाम छेदात काढून आणलेला मी दुसऱ्या कुणाकडून पाहिला नाही, आणि आमच्या प्रस्तावाच्या टिपणीतही असा छेद नव्हता.

आमच्या एका सहकाऱ्याने राष्ट्रीय इमारत संहितेचा हवाला दिला: दमट उष्ण हवेत खिडकी खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश, कोरड्या उष्ण हवेत एक दशांश, बाईंची खिडकी त्यात बसते. भारतीय मानक ब्यूरोची ही संहिता 1970 मध्ये पहिल्यांदा आली आणि 2016 मध्ये सुधारली गेली. मुळात ती शिफारस आहे. राज्याने आपल्या नियमांत घेतली की बंधनकारक होते. इमारतीच्या मजबुतीसाठी आमची नियमावली थेट तिच्याकडे बोट दाखवते. सामासिक अंतराचे तक्ते मात्र राज्याचे स्वतःचे. खिडकीचं क्षेत्रफळ संहिता मोजते, पण त्या खिडकीपर्यंत उजेड पोहोचायची वाट बाजूचं अंतर राखतं. उंच इमारतीचं बाजूचं अंतर उंचीच्या पाचव्या भागाशी बांधलंय ते उगाच नाही.

मग बाईंनी विचारलं, "साहेब, नियम अजून ठरायचाय ना? मग शेजारच्यांना परवानगी मिळाली कशी?"

मिळाली होती. कारण सूचनेबरोबरच त्याच अधिनियमाच्या कलम 154 खाली शासनाचे निदेश निघाले होते: अंतिम मंजुरीची वाट न पाहता प्रस्तावित तरतूद तात्काळ अमलात आणावी. सुनावणी घेणारे साहेब सरळ माणूस. त्यांनी हे काही न लपवता सांगितलं.

"मग माझी हरकत मान्य झाली तर ती भिंत मागे सरकेल?"

"नाही, बाई. दिलेली परवानगी राहते. तुमच्या म्हणण्याचा उपयोग झाला तर पुढच्यांना होईल."

बाईंनी दोरा गुंडाळला. त्यांचा आवाज चढला नाही. "माझा कागद तरी ठेवून घ्या," एवढंच म्हणाल्या.

शेजाऱ्याने काही चुकीचं केलेलं नाही. लागू असलेल्या नियमाने त्याने परवानगी घेतली, त्यावर कर्ज काढलं. उद्या ती काढून घेणं अन्याय होईल. घाईच्या अधिकाराची गरजही मला कळते. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारी उद्ध्वस्त झाली तेव्हा तो भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये होता. मानक सुधारून तो तिसऱ्या झोनमध्ये यायला 2002 उजाडलं. इमारत अधिक मजबूत करणारा बदल एक दिवसही अडू नये. पण सामासिक अंतर कमी करणाऱ्या सवलतीला कसली घाई? जो बदल भिंत होऊन उभा राहतो आणि परत घेता येत नाही, तो हरकती ऐकून झाल्याशिवाय लागू करू नये, एवढा फरक कलम 154 वापरताना करता येतो. मी तसं टिपणीत लिहिलं. वरिष्ठांनी तो परिच्छेद 'धोरणात्मक बाब' असा शेरा मारून वगळला.

गोषवाऱ्यात बाईंची हरकत मी पूर्ण लिहिली, अंतरांसकट. खाकी कागदाचा फोटो काढून परिशिष्ट म्हणून जोडला. सहकारी म्हणाला, असली जोडपत्रं कोणी बघत नाही. साहेबांनी मात्र त्यावर सही केली आणि अभिप्रायात लिहिलं की शेजारच्या घराची खिडकी त्या बाजूला असल्यास सवलत देऊ नये. अहवाल गेला आहे, अंतिम मंजुरी यायची आहे. तोवर त्याच सवलतीखाली नवे नकाशे टेबलावर येताहेत. शेजारच्या घराची खिडकी कुठे आहे, हे त्यांतल्या एकाही नकाशावर दाखवलेलं नसतं, कारण ते दाखवा असं नियम म्हणत नाही.