आधी जमीन बघ

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा शाळेतून फोन आला तेव्हा मी दुकानात होते. काउंटरवर स्केटबोर्डची चाकं मांडलेली होती. ती बघताना एकदम आपल्या प्रार्थनेच्या कोब्याची आठवण आली, आणि पाठोपाठ आमच्या पी.टी.च्या सरांची.

आपल्या साताऱ्यात सपाट रस्ता शोधावा लागतो. समर्थ मंदिराच्या बाजूने खाली यायचं म्हणजे उतारच. त्या उतारावर आम्ही बेअरिंगच्या गाड्या पळवल्या. एक फळी, गॅरेजमधून मागून आणलेली तीन बेअरिंगं आणि वळवायला पुढे दोरी. लोखंड डांबरावर घासलं की आमच्या आधी आमचा आवाज पोचायचा.

नववीत असताना मामेभावाने मुंबईहून खराखुरा स्केटबोर्ड आणला. पांढरी, छोटी, दगडासारखी टणक चाकं. शाळेच्या कोब्यावर तो लोण्यासारखा चालला, म्हणून मी तोच घेऊन फाटकाबाहेरच्या रस्त्यावर गेले. दहा पावलांवर चाक अडलं, बोर्ड जागीच थांबला आणि मी पुढे जाऊन आपटले. कोपर सोलपटलं. सर धावत आले, आधी जखम धुतली. मग रस्त्यावरचा खडा उचलून चाकाशेजारी ठेवला. हरभऱ्याएवढा खडा होता. म्हणाले, “पोरी, चाकाचा दोष नाही, रस्त्याचाही नाही. आधी जमीन बघ, मग चाक निवड.”

आज गिऱ्हाइकाला मी तेच सांगते. पोरं येतात आणि रंग बघून चाक मागतात. मी विचारते, चालवणार कुठे? चाकाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात. ५० ते ५३ चं चाक हलकं असतं, उड्या आणि कसरतींना बरं. ५४ पासून पुढे वेग धरतो, आणि ६० च्या वरचं चाक खड्ड्याखड्यांवरून निघून जातं. मात्र मोठं चाक वळताना फळीला घासू शकतं, म्हणून फळी आणि चाकांचा दांडा यांच्यामध्ये पट्टी घालून फळी उचलून घ्यावी लागते. दुसरा आकडा कडकपणाचा, जितका मोठा तितकं चाक टणक; पुढचं ‘ए’ हे मोजपट्टीचं नाव. ९९ए ते १०१ए म्हणजे टणक, गुळगुळीत कोब्यावर पाहिजे तसं घसरणारं. ७८ए ते ८७ए म्हणजे मऊ. खडा आला की हे चाक जरा दबतं, त्याला पोटात घेतं आणि पुढे जातं. पूर्वी चाकं लोखंडाची, पुढे ‘क्ले’ म्हणत त्या टणक मिश्रणाची असत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फ्रँक नॅसवर्दी याने पॉलियुरेथेनची चाकं स्केटबोर्डला आणली आणि बोर्ड रस्त्याला धरून चालू लागला. बेअरिंगचं मात्र माप ठरलेलं आहे. बाहेरून २२ मिलिमीटर, आतलं भोक ८ चं, प्रत्येक चाकात दोन.

सर खाशाबा जाधवांची गोष्ट दर वर्षी सांगायचे. गोळेश्वरचा मातीतला मल्ल १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवर लढला आणि सहावा आला. मॅटचा सराव करून १९५२ ला हेलसिंकीहून त्याने कांस्य आणलं. सरांच्या दृष्टीने ही गोष्टसुद्धा जमिनीचीच.

७ ऑगस्ट २०२१ ला पहाटेच सरांचा फोन आला. “टीव्ही लाव. बंगळुरूची ती पोरगी बघ.” टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक गोल्फ खेळत होती. जागतिक क्रमवारीत ती २०० वी, आणि बाकीच्यांचे पहिले फटके तिच्या कितीतरी पुढे पडत होते. पण चेंडू हिरवळीवर आला की ती खाली बसायची. उतार कुठला, गवत कुठे झुकलंय, सगळं निरखायची आणि मगच पटर, म्हणजे चेंडू भोकाकडे लोटायची काठी, हातात घ्यायची. तिची आई बॅग घेऊन सोबत होती. पाच वर्षांपूर्वी रिओत वडील होते. तेव्हा ती अवघी १८ वर्षांची होती. सर म्हणाले, “बघ, जमीन वाचतेय.” वादळामुळे मध्येच खेळ थांबला. शेवटच्या भोकापाशी तिने लांबून पटरने लोटलेला चेंडू भोकाजवळून निघून गेला आणि कांस्य एका फटक्याने हुकलं. सर बराच वेळ बोलले नाहीत. मीही नाही.

तिची कारकीर्द तेवढ्यावर थांबलेली नाही. २०१६ मध्ये इंडियन ओपन जिंकून लेडीज युरोपियन टूर या महिलांच्या व्यावसायिक गोल्फ मालिकेतलं विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय ठरली होती. २०२३ मध्ये केनिया आणि स्पेनमध्ये जिंकली. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत शेवटच्या दिवशी सात फटक्यांची आघाडी निसटली, तरी रौप्य आलंच. तिथेच आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी तिरंदाजीत सुवर्ण घेऊन आली. त्या आठवड्यात दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी दोन्ही अदितींबद्दल सांगत होते.

गोल्फचं भोक १०८ मिलिमीटरचं असतं. मी ५४ ची दोन चाकं शेजारी शेजारी ठेवली आणि पट्टीने मोजलं. बरोबर १०८. सरांना नेऊन दाखवलं. त्यांनी ती चाकं अजून टीव्हीवर ठेवली आहेत.

आता एक विनंती. पटांगणात पेव्हर ब्लॉक बसवायचं घाटत आहे असं ऐकलं. ब्लॉकच्या सांध्यांत लहान चाकं अडकतात आणि मुलं पडतात. प्रार्थनेचा जुना कोबा तेवढा तसाच राहू द्या. चार बोर्ड मी देते. कोब्यासाठी ५४ ची ९९ए चाकं लावून देईन, आणि फाटकाबाहेरच्या रस्त्यासाठी ६० ची ७८ए चाकं वेगळी. रविवारी सकाळी मी स्वतः शिकवायला येईन. सरांनाही आणेन, त्यांच्यासाठी एक खुर्ची लागेल.