ऐनाखाली चार रोज

माझ्या आईची एक कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, करवतकाठी साडी आहे. चाळीस वर्षे वापरूनही तिचा पोत विटलेला नाही, उलट अंगावर घेतली की ती पूर्वीपेक्षा मऊ लागते. तिच्या काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी आहे आणि ती उमटवण्यासाठी विणकराला तीन धोटे वापरून काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवत जावे लागते, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. मात्र तो धागा मुळात येतो कुठून, हे मी कधी पाहिले नव्हते. यंदा पोळा झाल्यावर मी तेवढ्यासाठीच आरमोरीकडे निघाले.

नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी असा हा रस्ता आहे. लहानपणी आम्ही नागभीडपर्यंत अरुंद रुळांच्या छोट्या गाडीने जात असू. ती इतकी सावकाश चाले की खिडकीतून दिसलेली म्हैस पुढच्या वळणापर्यंत दिसत राही. ती गाडी २०१९ मध्ये बंद झाली. आता बसने जावे लागते. ब्रह्मपुरी सोडल्यावर पुलावरून वैनगंगा ओलांडली आणि गडचिरोली जिल्हा लागला. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या पाण्याने भरलेल्या होत्या, रोवणी आटोपली होती आणि धुऱ्यांवर बगळे उभे होते.

आरमोरी परिसरात शिक्षक असलेल्या माझ्या एका वर्गमित्राने मला एका ढिवर कुटुंबाकडे नेले. मासेमारी हा ढिवरांचा परंपरागत व्यवसाय असला तरी या भागातली अनेक ढिवर कुटुंबे पिढ्यान् पिढ्या जंगलात कोसा पिकवत आली आहेत. त्या घरातले बाबा आणि आजी पिकाच्या दिवसांत पहाटेपासून अंधार पडेपर्यंत जंगलातच असतात. माझ्याजवळ एकच दिवस होता. सकाळी अळी पाहायची, दुपारी तिला कोसा विणताना पाहायचे आणि संध्याकाळच्या बसने परतायचे, असे मी ठरवले होते. बाबांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "आज नाई जी ताई. किड्याचं पोट भरलं नाई अजून. आनखी तीन-चार रोज लागंल."

मी रजा वाढवली. हा निर्णय लहान वाटेल, पण गेल्या कित्येक वर्षांत मी एकही प्रवास असा केलेला नव्हता ज्याचा शेवटचा तास आधी ठरलेला नव्हता. एका दिवसात चार ठिकाणे पाहायची, प्रत्येक ठिकाणी छायाचित्र काढायचे आणि घरी येऊन आपण कुठे होतो हे त्या छायाचित्रांवरून आठवायचे, अशी माझी सवय झाली होती. ते प्रवास मी करत होते की कुणाला तरी सांगण्यासाठी गोळा करत होते, हा प्रश्न मला त्या ऐनाच्या झाडाखाली पहिल्यांदा नीट पडला.

कोशाचे किडे तुतीच्या रेशीमकिड्यांप्रमाणे घरात, सुपात वाढत नाहीत. अंडी पानांच्या द्रोणात ठेवून ते द्रोण ऐनाच्या किंवा अर्जुनाच्या फांदीला बांधतात आणि अंड्यातून बाहेर पडलेली अळी उघड्यावर, ऊनपाऊस सोसत पाने खाते. ती चार वेळा कात टाकते आणि शेवटी करंगळीहून लांब, हाताच्या अंगठ्याहून जाड आणि पानाइतकीच हिरवी होते. पहिल्या दिवशी बाबांनी बोट दाखवूनही मला ती दिसेना. दुसऱ्या दिवशी एकेका फांदीवर सात-आठ दिसू लागल्या. एका झाडाची पाने संपली की अळ्यांसकट फांदी कापून दुसऱ्या झाडावर ठेवावी लागते, आणि कावळे, मुंग्या, गांधीलमाश्या यांच्यावर दिवसभर नजर ठेवावी लागते. बाबांच्या खांद्यावर गुलेल होती आणि कमरेच्या पिशवीत मातीच्या वाळवलेल्या गोळ्या. पीक झाडावर असेपर्यंत घरात मासळी शिजत नाही, ही त्यांची रीत आहे. आम्ही भात, लाखोरीची डाळ आणि अंबाडीची भाजी खात होतो.

आम्ही फार बोलत नव्हतो. वारा पडला की एक आवाज ऐकू येई. सुरुवातीला मला तो बारीक पाऊस वाटला, पण आभाळ कोरडे होते. शेकडो अळ्यांची विष्ठा खालच्या वाळल्या पाल्यावर पडत होती आणि त्यामागे पाने कुरतडण्याची सलग करकर होती. आजी तो आवाज ऐकूनच कोणत्या झाडावर खाणे जोरात आहे ते सांगत. राखण म्हणजे वाट पाहत बसणे नव्हे, हे मला त्यांच्याकडे पाहून कळले. त्यांचे कान, डोळे आणि हात सतत कामात होते. घाई मात्र कुठेच नव्हती, कारण घाई करून वाढवता येईल असे त्या कामात काहीच नव्हते.

मी हे लिहिताना त्यांच्या कष्टांना गोड रूप देऊ इच्छित नाही. एका वादळी पावसात अख्खे पीक जाते, हे बाबांनीच मला सांगितले. बाजारात जाणाऱ्या कोशांतला जीव धागा काढण्याआधी मारावा लागतो, हेही खरे आहे. गरिबीला संथ जगण्याचे नाव देणे मला अन्यायाचे वाटते. तरीही आपले काम ज्या मापाने चालते त्याच मापाने दिवस जगणारी माणसे मी फार थोडी पाहिली आहेत, आणि ती दोघे त्यांपैकी आहेत.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका अळीने खाणे थांबवले, डहाळीभोवती धाग्याचे कडे घालायला सुरुवात केली, आणि मी नीट छायाचित्र यावे म्हणून फांदी खाली ओढली. धागा तुटला. अळी काही वेळ डोके उचलून तशीच राहिली आणि मग हळूहळू फांदीवरून पुढे चालू लागली. आजी रागावल्या नाहीत. "आता दुसरी जागा पाहीन थो," एवढेच म्हणाल्या. मला फार वाईट वाटले. त्यानंतर मी मोबाइल पिशवीतून काढला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी, त्याच झाडावर थोडे वर, दोन पाने जवळ ओढून बांधलेली दिसली. ती तीच अळी होती की दुसरी, हे मी सांगू शकत नाही. पानांच्या मधे विरळ जाळी होती आणि आत अळीचे डोके एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे, पुन्हा पहिल्या बाजूकडे, अखंड फिरत होते. मी झाडाला टेकून बसले. दुपारपर्यंत जाळी दाट झाली आणि डोक्याची नुसती सावली दिसू लागली. ऊन उतरल्यावर तीही दिसेनाशी झाली. शेजारच्या झाडांखाली पाल्यावर टपटप चालूच होती. त्या फांदीखाली मात्र आता काही पडत नव्हते.